दुसरं पाकीट

टाइप करणाऱ्या बाईला कोणी काही विचारत नाही. माझ्यासारखीला या धंद्यातला हाच मोठा फायदा वाटत आला. समोरचा बोलतो, आपण यंत्राकडे बघायचं. त्याला आपलं मत नको असतं, बिनचूक स्पेलिंग हवं असतं. या आधारावर मी पाच-सहा वर्षं बरी काढली. या अंकासाठी कामाबद्दल लिहा, असं संपादकांचं पत्र आलं तेव्हा मी आधी नको कळवलं आणि आठ दिवसांनी हो कळवलं. कारण एक गोष्ट अशी आहे, जी कोणी विचारली नाही तरी मला सांगायची आहे. माझी शाळा कॉन्व्हेंटची. मराठी लिहिताना हात जरा अडखळतो, पण ही गोष्ट इंग्रजीत लिहून चालणार नाही. ती ज्या घरात घडली तिथे सगळे मराठीतच बोलत होते.

सुरुवात सीताबर्डीवरच्या एका माडीवर झाली. तीन यंत्रं, एक पंखा आणि मालक. अर्ज, करारनामे, लग्नाची इंग्रजी पत्रं, सगळं टाइप करायचो. काटोलकडचे एक मालगुजार डेप्युटी कमिशनरला तक्रार लिहून घ्यायला आले होते. म्हणाले, "पूर्ण लाल शाईत करा, म्हणजे साहेबाले समजन मी किती तापलो तं." मी सांगितलं, यंत्राची फीत अर्धी काळी, अर्धी लाल आहे, सगळं लाल केलं तर ती लवकर झिजते. ते विचार करून म्हणाले, "मंग अर्धं तापेल करा." तसं केलं. पहिला परिच्छेद काळा, दुसरा लाल. त्यांचं काम झालं असं नंतर कळलं.

बाहेरच्यांना वाटतं, टायपिस्टचं कौशल्य वेगात असतं. ते तपासण्यात असतं. कार्बन लावून चार प्रतींचा कागद असेल तर एक चूक चार जागी खोडावी लागते, म्हणून शेवटी एकीने मूळ कागदावरून मोठ्याने वाचायचं आणि दुसरीने टाइप केलेलं बघायचं, असा रिवाज आहे. एकटीच असलात तर दोन्ही कामं आपणच. तिथेच आमच्या धंद्यातलं पाप घडतं. जे कागदावर आहे ते न वाचता, जे असायला हवं ते आपण वाचतो. डोळा पुढे जातो, तोंड बरोबर तेच बोलतं आणि चूक शांतपणे मागे राहते.

वझलवार सर त्या माडीवर एकटे चढून आले. काळा चष्मा, हातात छत्री, तीही बंद. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया बिघडून त्यांची नजर जवळजवळ गेली होती. त्यांनी मालकांना ओलांडून आवाजाच्या दिशेने थेट माझ्या टेबलाशी येऊन विचारलं, "तुम्हाला गणित येतं?"

"नाही."

"छान. म्हणजे तुम्ही सुधारणा करणार नाही."

दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी आठ ते बारा धंतोलीत त्यांच्या घरी जाऊ लागले. यंत्र त्यांचं, कागद त्यांचा, पुस्तक त्यांचं. सर गेल्याला आता वर्ष होत आलं, म्हणून हे लिहायला हरकत नाही.

सरांबद्दल नागपुरात दोन गोष्टी सांगत. एक, ते तरुणपणी युरोपात गणित शिकून आले. दुसरी, कॉलेजात शिकवताना अभ्यासक्रमातलं एक प्रमेय शिकवायला त्यांनी नकार दिला. मुलांनी प्रिन्सिपॉलकडे अर्ज केला, प्रिन्सिपॉलनी सरांना बोलावलं आणि सर परत आले ते राजीनामा देऊनच. ज्यापायी त्यांची नोकरी गेली ती एवढीशी गोष्ट मला आधी विक्षिप्तपणाची वाटे. हळूहळू कळली. त्यांनी ती मला अशी समजावली होती.

"समज, काटोलला संत्र्याच्या बागेसाठी विहीर खणायची आहे. मी तुला म्हणतो, या जमिनीत पाणी आहे. तू विचारतेस, कुठे खणू? मी म्हणतो, ते माहीत नाही. पण पाणी नाही असं धरलं तर सगळी गणितं उलटी पडतात, म्हणून पाणी आहेच. तू काय करशील?"

स्वयंपाकघरातून गोदाबाईंनी उत्तर दिलं. गोदाबाई सरांचं घर वीस वर्षं सांभाळत होत्या आणि त्या मूळच्या काटोलच्याच. "मी तं म्हणीन, बाप्पा, अशानं संत्र्याले काय पाजू, तुमचं बोलणं?"

"बघ," सर खूश होऊन म्हणाले. "मोठमोठ्या गणितज्ञांना जे पटत नाही ते गोदाबाईंना कळतं. 'पाणी नाही असं नाही', इतकंच आपण सिद्ध केलं. 'पाणी आहे' हे वेगळं वाक्य आहे. त्यासाठी खणून दाखवावं लागतं. जमीन लहान असेल तर सगळी खणून बघता येईल. पण संख्यांची जमीन संपतच नाही. तिथे 'एक तर आहे, नाही तर नाही' असं न बघता म्हणायचा हक्क कोणी दिला?"

हे त्यांचं सगळं आयुष्य होतं. जे दाखवता येतं तेवढंच आहे म्हणा. बाकीच्याबद्दल अजून माहीत नाही म्हणा. पुस्तकही याच एका गोष्टीवर, तीनशे पानांचं. त्यांच्या मते गेल्या पन्नास वर्षांत गणिताने न दाखवता 'आहे' म्हणून जे कर्ज काढलं ते फेडायची ती पहिली खेप होती. मला तुलना पटो न पटो, मी टाइप करत होते.

अडचण चिन्हांची होती. असल्या पुस्तकात 'असा एक सापडतो', 'प्रत्येकासाठी', 'नाही' यांना खास खुणा असतात आणि यंत्रावर त्या नसतात. रिवाज असा की टायपिस्टने जागा सोडायची आणि लेखकाने शाईने खूण भरायची. लेखकाला दिसत नसेल तर? मी एक तोड काढली. आमच्या कामात ज्या कळांना कोणी हात लावत नाही त्या वापरायच्या. @ म्हणजे 'असा एक सापडतो'. % म्हणजे 'प्रत्येकासाठी'. ½ म्हणजे 'नाही'. अशा चौदा खुणा आणि त्यांची एक पानाची यादी, पुस्तकाच्या पहिल्या पानाआधी लावायची. सर म्हणाले, "ही तुझी भाषा झाली. मी आता तुझ्या भाषेत पुस्तक लिहितोय." मला त्या दिवशी फार अभिमान वाटला. तो कुठे नेणार हे माहीत नव्हतं.

युद्ध चालू होतं. पुस्तक स्वित्झर्लंडमधल्या एका प्राध्यापकांकडे जायचं होतं. तरुणपणी सर त्यांच्यासोबत शिकले होते आणि वाचून मत देईन असं त्यांनी कबूल केलं होतं. सरांना या जगात एवढ्या एकाच माणसाचं मत हवं होतं. मी पाकीट बांधलं, लाख लावली, वर प्राध्यापकांचा पत्ता आणि पाठवणारे म्हणून सरांचं नाव टाइप केलं आणि मोठ्या पोस्टात रजिस्टर करून आले.

दुसऱ्या दिवशी टेबल आवरताना यंत्राखाली चौदा खुणांची यादी सापडली.

ती लावायची राहिली होती. तिच्याविना ते तीनशे पानांचं पुस्तक म्हणजे नुसते ½ आणि @. मी सरांना सांगायला हवं होतं. ते आत गोदाबाईंशी बोलत होते, फार दिवसांनी हसत होते. मी यादी पर्समध्ये घातली, घरी जाताना साध्या पाकिटात टाकली, वर हाताने तोच पत्ता लिहिला आणि पेटीत सोडली. पाठवणाऱ्याचं नाव लिहिलं नाही. सरांचं लिहावं तर त्यांना न विचारता, माझं लिहावं तर लाज. आत चिठ्ठीही नाही, नुसती यादी. मला वाटलं, प्रश्न मिटला.

बाहेरच्या माणसाने हे कसं दिसेल याचा विचार करावा. एका पाकिटात तीनशे पानं खुणांची. दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या अक्षरात, नाव न घालता, त्याच पत्त्यावर त्या खुणांचा अर्थ. गुप्त लिपी वापरणारा माणूस नेमकं हेच करतो म्हणतात. आम्ही गणितासाठी केलं.

तीन आठवड्यांनी सकाळी नऊ वाजता इन्स्पेक्टर आले. साध्या कपड्यांत, सोबत एक शिपाई. वय पस्तीस असेल, बोलणं नीट, आवाज खाली. अशा माणसाची मला जास्त भीती वाटते.

"प्रोफेसरसाहेब, आपण परदेशी एक पाकीट पाठवलंत."

"हो. पुस्तक आहे."

"ते टपालाच्या तपासणीत आलंय. आमच्याकडे कोणाला ते वाचता आलं नाही. एकाचं म्हणणं, फौजेच्या रेशनचे हिशेब आहेत. टक्के आहेत, अर्धे आहेत."

सर हसले. "अर्धा म्हणजे 'नाही'."

"तेच," इन्स्पेक्टर म्हणाले. "हे पाठवल्यावर आणखी एखादं पाकीट त्याच पत्त्यावर पाठवलंत का?"

"नाही."

माझी बोटं यंत्राच्या कळांवर होती. ती तिथेच राहिली.

"आठवून सांगा."

"आठवायचं काय? या घरातून एकच पाकीट गेलं. दुसरं नाही." जो माणूस न दाखवता 'आहे' म्हणत नव्हता, तो माझ्या भरवशावर इतक्या ठामपणे 'नाही' म्हणाला. इन्स्पेक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी कागदाकडे पाहिलं.

"ठीक आहे. उद्या अकराला ऑफिसात या. बाईंनाही आणा."

ते गेल्यावर गोदाबाई बाहेर आल्या. "अवं नलूबाई, पोलीस कायले आले होते वं?"

"काही नाही, गोदाबाई."

"काही नाही तं तुह्या तोंडावरचं पाणी काहून उतरलं?"

मला भीती कशाची होती ते सांगते. बेचाळीसनंतरचे दिवस होते. आमच्या गल्लीतल्या दोन मुली तुरुंगात जाऊन आल्या होत्या. त्या धीट होत्या आणि त्यांना कशासाठी गेलो ते माहीत होतं. माझे बाबा सचिवालयात कारकून होते. पोलिसांच्या फायलीत मुलीचं नाव आलं तर बाबांचं काय, एवढाच विचार माझ्या डोक्यात फिरत होता. संध्याकाळी बाबांनी विचारलं, "आज उशीर केलास?" मी म्हटलं, "काम होतं." सकाळी सर 'नाही' म्हणाले ते त्यांना खरं वाटत होतं म्हणून. मी मात्र जाणून खोटं बोलत होते, घरात आणि बाहेर.

दुसऱ्या दिवशी आम्ही टांग्यातून निघालो. ऊन चढलं होतं. व्हरायटी चौकापासून सिव्हिल लाइन्सपर्यंत मी तीनदा बोलायला तोंड उघडलं. सर निवांत होते. म्हणाले, "घाबरू नकोस. जे नाही ते कोणी दाखवू शकत नाही." मग तर मला बोलवेचना.

ऑफिसात आम्हाला समोरासमोर बसवलं. इन्स्पेक्टरांनी खणातून साधं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. माझं अक्षर.

"हे दुसरं पाकीट, प्रोफेसरसाहेब. काल आपण म्हणालात, नाही."

सरांनी हात पुढे केला. पाकीट चाचपलं, कागद काढला, अगदी डोळ्यांशी नेला. काही दिसलं नसणार. पण कागदाच्या आकारावरून असेल किंवा आणखी कशावरून, ही खुणांची यादी आहे हे त्यांना कळलं.

"मग काल मी चुकीचं बोललो," ते म्हणाले. "न तपासता बोललो. हे लिहून घ्या."

"पाठवलं कोणी?"

"माहीत नाही."

"आपण नाही, स्वयंपाकीणबाईंना इंग्रजी येत नाही. राहिलं कोण?"

"तुम्ही इतरांना वगळलंत," सर शांतपणे म्हणाले. "राहिलेल्या माणसाने हे केलं असं तुम्ही दाखवलेलं नाही. तेवढ्यावर कोणाला धरू नका."

"निर्दोष माणूस असं चोरून पाठवत नाही, साहेब."

"हे पाहा, तुम्हीही तेच करता. उलट बाजू विचित्र दिसते, म्हणून ही बाजू खरी. माझं आयुष्य याच्याशी भांडण्यात गेलं."

इन्स्पेक्टरांच्या कपाळावर आठी पडली. सर माझ्यासाठी आपलं तत्त्वज्ञान खर्च करत होते आणि ते त्यांनाच जड जाणार होतं. परदेशी शिक्षण, घरात तरुणपणीच्या जर्मन पत्रांची पेटी, सापडलेलं खोटं. त्यांना आत ठेवायला एवढं पुरे होतं.

"मी पाठवलं," मी म्हणाले.

आवाज इतका बारीक आला की इन्स्पेक्टरांनी "काय?" म्हणून विचारलं. मला दुसऱ्यांदा म्हणावं लागलं. दुसऱ्यांदा जास्त अवघड असतं. मग सगळं सांगितलं. यंत्राखालची यादी, पर्स, पेटी, लाज.

इन्स्पेक्टरांनी ऐकलं. म्हणाले, "खरं असेल. किंवा तुम्ही दोघांनी ठरवून ठेवलं असेल. मला कसं कळावं?" मग त्यांना कल्पना सुचली. त्यांनी पुस्तकाचा गठ्ठा घेतला, मधूनच एक पान ओढलं. एक्केचाळिसावं. सरांना आतल्या खोलीत नेऊन बसवायला सांगितलं आणि ते पान माझ्यापुढे ठेवलं.

"याचा साध्या शब्दांत अर्थ लिहा. नंतर आमचा कारकून यादी बघून हेच पान साहेबांना वाचून दाखवेल आणि ते अर्थ सांगतील. दोन्ही जुळले तर बघू."

मला हायसं वाटलं. हे तर माझं काम. मी लिहू लागले. पहिली ओळ, दुसरी ओळ. पाचव्या ओळीवर पेन थांबलं.

तिथे एकच ½ होता. दोन हवे होते.

मूळ कच्च्या कागदात सरांनी सांगितलेलं मला आठवत होतं: 'असा आकडा नाही असं नाही.' पाणी नाही असं नाही. म्हणून दोन 'नाही', शेजारी शेजारी. माझी एक कळ पडली नव्हती, आणि टाइप केलेलं आता सांगत होतं, 'असा आकडा नाही'. अगदी उलट. तपासताना मी सरांना हे पान वाचून दाखवलं होतं आणि तोंडाने बरोबर दोनदा 'नाही' म्हणाले होते. त्यांना दिसत नव्हतं. त्यांच्याकडे माझ्या तोंडाखेरीज दुसरं काही नव्हतं.

आता काय लिहायचं? कागदावर आहे ते लिहिलं तर सर आत त्यांच्या डोक्यात आहे ते सांगतील, आणि जुळणार नाही. असायला हवं ते लिहिलं तर यादीशी जुळणार नाही, आणि मी मजकूर फिरवते आहे असं दिसेल. सरांना चूक ऐकून कळेल का? की ते कारकून चुकला म्हणून पुढे जातील? दोन्हीकडून त्यांच्या गळ्याशी येत होतं.

मी पेन खाली ठेवलं. "इथे चूक आहे. एक खूण राहिली. माझ्याकडून."

"म्हणजे आत्ता माझ्यासमोर तुम्ही मजकूर बदलताय?"

"मजकूर मी तेव्हा बदलला, टाइप करताना. कागदावर हे आहे आणि असायला हवं ते हे. दोन्ही लिहून देते."

"सही करा."

केली. पूर्ण नाव, वडिलांचं नाव, आडनाव. जे टाळण्यासाठी कालपासून जीव मुठीत धरला ते मीच निळ्या शाईत लिहून दिलं.

इन्स्पेक्टर पान घेऊन आत गेले. दार लागलं. शिपाई माझ्याजवळ उभा होता. तो वऱ्हाडातला असावा. "बाई, पाणी पेता का?" मी मानेनेच नको म्हटलं. "तुमचे बाबा सचिवालयात आहेत ना? मी पाह्यलं त्यायले. लय सज्जन माणूस." तो चांगल्या मनाने बोलला, पण बाबांचं नाव इथवर पोचलंच होतं.

आतून कारकुनाचा एकसुरी आवाज येत होता. प्रत्येकासाठी. असा एक सापडतो. नाही. पुढची ओळ. पुढची ओळ. मी मोजत होते. पाचवी गेली. काही झालं नाही. सहावी सुरू झाली. मी डोळे मिटले.

"थांबा!" सरांचा आवाज. "मागची ओळ पुन्हा वाचा." कारकुनाने वाचली. "एकदाच 'नाही'? यादी बघा. नीट बघा. एकदाच?" कारकून हो म्हणाला. सर म्हणाले, "एक राहिलं आहे. ही ओळ अशी असेल तर पुढची ओळ खोटी, आणि पुढची खोटी तर माझं प्रकरण खोटं. ही टाइपाची चूक आहे. तिला विचारा."

दार उघडलं. इन्स्पेक्टरांनी माझा कागद हातात धरला होता. त्यांनी तो दोनदा वाचला.

"तुम्ही दोघं काय करता ते मला अजून कळलेलं नाही," ते म्हणाले. "पण खरंच ते करता, एवढं कळलं. कुठलं पान काढेन हे मलाही माहीत नव्हतं." ते खुर्चीत बसले. म्हणाले, "खुणा असलेलं काही युद्ध संपेपर्यंत बाहेर जाणार नाही. तो नियम आहे, तो माझ्या हातात नाही. पुस्तक परत न्या. पाकीट इथे राहील."

गठ्ठा छातीशी धरून मी बाहेर आले. सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता, पण तो पायऱ्या उतरण्यासाठी. मी आदल्या दिवशी गप्प का बसले, हे त्यांनी टांग्यात विचारलं नाही आणि नंतरही कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. उत्तर कधी देता आलं नाही, त्याचं ओझं अजून माझ्याकडेच आहे.

घरी पोचल्यावर मी बोलले. "सर, पाकिटाचं मी..."

"ते राहू दे. तू लपवलंस, मी न बघता 'नाही' म्हणालो. तुझ्या वयाला ते शोभतं. माझ्या नाही." ते खुर्चीत बसले. "एक्केचाळिसाव्या पानावर एक राहिलं. बाकीच्या पानांत किती?"

"मला वाटतं, नसतील."

"वाटतं?"

मी दुसऱ्या दिवसापासून पहिलं पान काढून बसले. या वेळी वेगळा रिवाज केला. अर्थ वाचायचा नाही. डोळ्यापुढे जी कळ उमटली आहे तिचं नाव घ्यायचं, एकेक. टक्का. कंस. अर्धा. अर्धा. कंस बंद. सर डोळे मिटून ऐकत आणि मनात तिचा अर्थ लावत. दिवसाला दहा-बारा पानं व्हायची. मे महिना होता. वाळ्याच्या ताट्यांवर गोदाबाई पाणी मारत आणि दाराशी थांबत. "हे काय मंतर म्हणून राह्यले वं दोघं? अर्धा-अर्धा, अर्धा-अर्धा. पुरं केव्हा होईन?"

"पुरं होईपर्यंत," सर म्हणत.

अकरा चुका निघाल्या. प्रत्येक वेळी सरांनी हात वर केला, मी कच्चा कागद काढला, चूक माझीच निघाली, मी परत आलेली आणि घरातल्या तीन अशा चारही प्रतींवर ती दुरुस्त केली. अकराव्या वेळेपर्यंत मला रडू येईनासं झालं होतं. उलट काहीतरी दुसरं होऊ लागलं होतं. इतके दिवस कळा म्हणताना नकळत मलाही अर्थ लागू लागला होता. पुढची ओळ येण्याआधी ती काय असेल हे कधी कधी कळे. मी ते सरांना सांगितलं नाही.

शेवटचं प्रकरण. याच्यासाठी बाकीचं सगळं होतं. मी कळा म्हणत होते आणि सर ऐकत होते. दोनशे ऐंशीच्या पुढचं कुठलं तरी पान. एक ओळ म्हटली आणि माझी जीभ थांबली.

सर थांबले नाहीत. त्यांनी हात वर केला नाही. "पुढे," ते म्हणाले.

मी कच्चा कागद काढला. त्यांनीच तोंडाने सांगितलेला, मी पेन्सिलीने उतरवलेला. ताडून पाहिलं. कळ न् कळ जुळत होती. त्या ओळीत म्हटलं होतं, एक तर असा आकडा आहे, नाही तर नाही. आणि पुढचं सगळं त्यावर उभं होतं. कुठे खणायचं ते कोणी सांगितलं नव्हतं. ज्या वाक्यासाठी त्यांनी कॉलेज सोडलं ते वाक्य त्यांच्याच पुस्तकात, शेवटच्या प्रकरणाच्या पायात, त्यांच्याच आवाजात आलं होतं. सांगताना, पहिल्यांदा तपासताना आणि आता, तीनदा त्यांना ते खटकलं नव्हतं. कागदावर काय आहे ते त्यांनी ऐकलं नव्हतं. काय असायला हवं ते ऐकलं होतं.

मला पुढे जाता आलं असतं. ते थकलेले होते. डोळे गेले होते. तेवढं प्रकरण पुरं झालं की झालं, असं ते रोज म्हणत. आणि चूक ओळखायची कोणी, तर गणित न येणाऱ्या बाईने. माझंच काही चुकत असेल. आणि टाइप करणाऱ्या बाईला कोणी काही विचारलेलं नव्हतं.

"पुढे," सर पुन्हा म्हणाले.

"सर, इथे चूक आहे," मी म्हणाले. "आणि मी बरोबर टाइप केलंय."

त्यांचा हात खुर्चीच्या दांडीवर होता. तो हलला नाही. बाहेर गोदाबाईंनी ताटीवर पाणी मारलं. मग त्यांनी मान माझ्या दिशेने वळवली.

"पुन्हा वाच," ते म्हणाले. "हळू."